आजोबांची मिल पाहायला इंदूरला येण्यापूर्वी : कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून कोणी ना कोणी आप्त इंदूरला येतो आणि "आमचे आजोबा इथल्या मिलमध्ये होते, एकदा ती दाखवा" असे सांगतो. कोणती मिल, हे विचारले की तो गप्प होतो. मग रिक्षाने मालवा मिल चौकात जायचे, एखाद्या बंद फाटकासमोर छायाचित्र काढायचे आणि परतायचे, असा प्रकार होतो. मी स्वतः एका मावसभावाला अशाच रीतीने भलत्या फाटकासमोर उभे केले होते. छायाचित्र पाहताच मावशीने विचारले, "बाबांचा डबा द्यायला जाताना आम्ही रूळ ओलांडायचो, ते रूळ कुठे आहेत?" त्या एका प्रश्नाने आमची सबंध दुपार वाया गेल्याचे सिद्ध झाले.

ही चूक होते ती क्रम उलटा धरल्यामुळे. फाटक हा या कामाचा शेवटचा टप्पा आहे. त्याआधीची बरीचशी कामे आपल्या घरी बसूनच करायची असतात आणि त्यांना किमान दोन महिने लागतात.

## टप्पा १ : मिलचे नेमके नाव ठरवा

घरात सांगितले जाणारे नाव आणि कागदावरचे नाव एकच असेल असे गृहीत धरू नये. इंदूरमध्ये सर्वजण ज्याला मालवा मिल म्हणतात, तिचे कागदोपत्री नाव 'इंदूर मालवा युनायटेड मिल्स' असे आहे. कल्याण मिल म्हणजे 'कल्याणमल मिल्स'. स्वदेशी मिलचे पूर्ण नाव 'स्वदेशी कॉटन अँड फ्लोअर मिल्स' असल्यामुळे यादीत ते नाव पाहून ही तर पिठाची गिरणी दिसते असे समजून कागद बाजूला ठेवणारे लोक मला भेटलेले आहेत. या तिन्ही मिल १९७४ च्या आजारी कापड गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरण कायद्याच्या यादीत आहेत आणि त्यांचा कारभार नॅशनल टेक्सटाइल कॉर्पोरेशनकडे, म्हणजे एनटीसीकडे गेला. हुकुमचंद मिल त्या यादीत नव्हती. ती खासगीच राहिली आणि १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. राष्ट्रीयीकृत मिल आणि खासगी मिल हा फरक आत्ताच टिपून ठेवावा, कारण कागद कोणत्या कार्यालयात शोधायचे आणि परवानगी कोणाकडे मागायची, हे त्यावरच ठरते.

दुसरा घोळ वस्तीच्या नावांमुळे होतो. 'मालवा मिल' हे आज एका चौकाचे आणि भोवतालच्या सबंध भागाचेही नाव आहे. त्यामुळे "आजोबा मालवा मिलला राहत" आणि "आजोबा मालवा मिलमध्ये होते" ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत, आणि तीन पिढ्यांच्या सांगोवांगीत पहिल्याचे दुसरे कधी होते ते कळतही नाही. परदेशीपुरा, पाटनीपुरा, पंचम की फेल, गोमा की फेल, कुलकर्णी का भट्टा या वस्त्यांतून निरनिराळ्या मिलचे कामगार एकत्र राहत असत. (विदर्भातील वाचकांना 'फैल' हा शब्द ओळखीचा असेल.) म्हणून पत्त्यावरून मिल ठरवू नये.

एक बारीक सूचना. इंदूरचे मराठी लोकही 'मिल'च म्हणतात. रिक्षावाल्याला 'गिरणी' विचारल्यास तो आपल्याकडे नुसते पाहत राहील.

तपासणी : मिलचे नाव किमान दोन स्वतंत्र आधारांवर टिकते का? एकाच आत्याने दोनदा सांगितले, तर तो एकच आधार धरावा.

## टप्पा २ : घरातील कागद बाहेर काढा

ट्रंकेच्या तळाशी पुढीलपैकी काही सापडते का ते पाहावे : हजेरीचे कार्ड, पितळी बिल्ला, पगाराची चिठ्ठी, राज्य कामगार विम्याचे म्हणजे ईएसआयचे कार्ड, भविष्य निर्वाह निधीची वार्षिक पावती, निवृत्तिवेतनाचा आदेश, युनियनची वर्गणीची पावती, सहकारी पतसंस्थेचे पासबुक. यांतील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे तिकीट क्रमांक. मिलमध्ये माणूस नावापेक्षा तिकिटाने ओळखला जाई, आणि एकाच नावाची अनेक माणसे असलेल्या यादीत योग्य माणसावर बोट ठेवण्याचा तोच एक खात्रीचा उपाय आहे.

भविष्य निर्वाह निधीच्या खाते क्रमांकात तिरप्या रेघांनी पाडलेले भाग असतात. त्यांत आधी प्रदेशाची अक्षरे, मग आस्थापनेचा संकेतांक आणि शेवटी सदस्याचा क्रमांक असतो. आस्थापनेचा संकेतांक कळला की मिलचे नाव पक्के होते, कारण तो क्रमांक मिलचा असतो, माणसाचा नव्हे. या निधीचे इंदूरचे क्षेत्रीय कार्यालय रेसकोर्स रोडवर आहे आणि कामगार विम्याचे नंदानगरमध्ये.

येथे एक कालगणना लक्षात ठेवावी. आज ज्याला 'ईपीएस-९५' म्हणतात ती निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. ज्यांची नोकरी त्याआधीच संपली आणि पुढे दुसरीकडे सुरू झाली नाही, त्यांच्या नावाचा या योजनेतील आदेश बहुधा असणार नाही. तो मिळत नाही म्हणून आजोबा मिलमध्ये नव्हतेच, असा निष्कर्ष काढणारे लोक उगाच हातपाय गाळतात.

सावधान : मूळ कागद घेऊन प्रवास करू नये. त्यांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले आकडे अनेकदा पुढच्या छापील मजकुराहून अधिक उपयोगी पडतात.

## टप्पा ३ : आजोबांचे खाते ओळखा

या टप्प्याकडे जवळजवळ सर्वजण दुर्लक्ष करतात, आणि भेट फसण्याचे मुख्य कारण मला तेच वाटते. मिल म्हणजे एक इमारत नसते. ती पंधरावीस खात्यांची, म्हणजे विभागांची, एक वसाहत असते, आणि ब्लो रूममधला (कापूस मोकळा व साफ करण्याच्या खात्यातला) माणूस साचा खात्यात (मागांच्या खात्यात) वर्षानुवर्षे पाऊल न टाकताच निवृत्त होऊ शकत असे. खाते माहीत नसेल, तर आत गेल्यावर आपण चाळीस एकरांत नेमके काय पाहायचे हेच कळत नाही.

कागदावर खाते लिहिलेले नसेल, तर घरातील आठवणी पुराव्यासारख्या तपासाव्यात. आजोबांना ऐकू कमी येई आणि ते घरातही मोठ्याने बोलत, तर साचा खात्याचा संशय घ्यावा, कारण तिथल्या आवाजात माणसे ओठांच्या हालचालींवरून आणि हातांच्या खुणांनी बोलत. त्यांना जुनाट खोकला होता आणि साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती विशेष भरून येई, तर ब्लो रूम किंवा कार्डिंगकडे (कापसाचे तंतू विंचरण्याच्या खात्याकडे) पाहावे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या विकाराची ती ओळखीची खूण आहे. कपड्यांना खळीचा वास येत असे असे आजी सांगत असेल तर सायझिंग (ताण्याच्या सुताला खळ लावण्याचे खाते), नखांत रंग असे तर रंग खाते, आणि केसांत कापसाचे पुंजके घेऊन ते घरी येत असतील तर सूतकताईची खाती, असा अंदाज बांधता येतो. अर्थात हे अंदाजच आहेत. नळावरच्या गप्पांतून आलेल्या आठवणीला न्यायालयातील साक्षीचा मान देऊ नये.

मिलमध्ये आजी कामाला होती, असेही पुष्कळ घरांत असते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ६६ नुसार स्त्रियांना सामान्यतः सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत कामावर ठेवता येत असे. म्हणून "आजी रात्रपाळीला जायची" ही आठवण आली, तर ती त्याआधीच्या काळातील आहे का, की रात्रपाळी आजोबांची होती आणि आजी डबा पोचवायला जात होती, हे विचारून घ्यावे.

शब्दांचीही गल्लत होते. रिंग खात्याला, म्हणजे सूत कातण्याच्या खात्याला, जुने लोक 'त्रासन' म्हणत, मागाला 'साचा', कायम नसलेल्या कामगाराला 'बदली'. "आजोबा बदलीवर होते" याचा अर्थ त्यांची बदली झाली होती असा नव्हे. ते गैरहजर माणसाच्या जागी रोज फाटकाशी उभे राहून काम मिळवत होते, आणि अशा माणसाचे खाते दर आठवड्याला निराळे असू शकते.

## टप्पा ४ : नाव त्या काळच्या नोंदीत बसवून पाहा

मराठी नाव इंदूरच्या नोंदीत जसेच्या तसे सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये. हिंदी लेखनात 'ळ' चा 'ल' होतो, म्हणून काळे हे 'काले' आणि कांबळे हे 'कांबले' म्हणून शोधावे लागतात. 'ण' च्या जागी 'न' येतो. आडनाव मुळातच गाळलेले असणे ही तर सर्रास आढळणारी गोष्ट आहे. 'सखाराम वल्द तुकाराम' एवढीच नोंद असते, आणि वल्द म्हणजे मुलगा, त्यापुढचे नाव वडिलांचे, हे ठाऊक नसलेला शोधक आडनावाच्या अक्षरात पाने उलटत बसतो. इंग्रजी नोंदवहीत तीच व्यक्ती आद्याक्षरांनी किंवा वडिलांचे नाव आडनावाच्या जागी घातलेल्या रूपात सापडते.

म्हणून कार्यालयात जाण्यापूर्वी एका कागदावर आजोबांच्या नावाची शक्य ती सर्व रूपे लिहावीत : स्वतःचे नाव व वडिलांचे नाव, स्वतःचे नाव व आडनाव, घरगुती नाव, आणि यांतील प्रत्येकाचे हिंदी व इंग्रजी लेखन. पणजोबांचे नाव माहीत नसेल, तर येथेच थांबून ते आधी शोधावे. त्यावाचून पुढचा शोध बहुधा व्यर्थ जातो.

## टप्पा ५ : कागदोपत्री शोध

राष्ट्रीयीकृत मिलसाठी एनटीसीकडे, आणि न्यायालयाच्या आदेशाने गुंडाळलेल्या कंपनीसाठी उच्च न्यायालयाशी संलग्न असलेल्या ऑफिशियल लिक्विडेटरकडे, म्हणजे कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या परिसमापकाकडे, अर्ज करावा. दोन्ही ठिकाणी माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा लागू होतो. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो. अर्ज हिंदीत लिहावा.

"माझ्या आजोबांची सर्व माहिती द्यावी" असा अर्ज केल्यास नकारच येतो. नाव, वडिलांचे नाव, तिकीट क्रमांक, अंदाजे वर्षे आणि खाते देऊन एकच नेमकी नोंद मागावी, आणि ही त्रयस्थाची वैयक्तिक माहिती आहे असा आक्षेप येऊ नये म्हणून मृत्यूचा दाखला व नात्याचा पुरावा सोबत जोडावा.

हुकुमचंद मिलच्या बाबतीत एक विशेष सूचना आहे. मिल बंद पडली तेव्हाच्या ५,८९५ कामगारांच्या थकबाकीचे प्रकरण तीन दशके चालले आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश परिसमापक व कामगार संघटनांच्या हाती देण्यात आला. त्या निमित्ताने झालेल्या याद्या उपयोगी आहेत, परंतु त्यांत मिल बंद होतेवेळी नोकरीवर असलेलेच लोक येतात. आजोबा १९७८ मध्ये निवृत्त झाले असतील, तर त्यांचे नाव तिथे असण्याचे कारणच नाही.

तपासणी : मिल, खाते, आणि नोकरीची अंदाजे वर्षे या तीन गोष्टी आता कागदावर आहेत का? यांपैकी दोनच असतील तरी पुढे जावे. एकच असेल तर प्रवासाचे तिकीट काढू नये.

## टप्पा ६ : जुन्या कामगारांना भेटा

हे काम मिल पाहण्याच्या आधी करावयाचे आहे, नंतर नव्हे. आत काय शोधायचे ते हीच माणसे सांगतात, आणि आतली कोणती वाट अजून चालण्याजोगी आहे तेही त्यांनाच ठाऊक असते.

भेटीसाठी सर्वांत चांगला काळ गणेशोत्सवाचा. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरमध्ये मिलच्या झाँक्यांची, म्हणजे सजवलेल्या चित्ररथांची, मिरवणूक निघते आणि हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार या मिलच्या झाँक्या, मिल बंद पडल्या तरी, कामगारांनी चालू ठेवलेल्या आहेत. त्याआधीचे काही आठवडे झाँकीचे काम चालू असते आणि वर्षभर विखुरलेली म्हातारी माणसे संध्याकाळी तिथे येऊन बसतात. मिरवणुकीच्या रात्री मात्र कोणाशी बोलणे होत नाही. गर्दीत स्वतःचे जोडे सांभाळले तरी पुष्कळ. एरवी परदेशीपुरा किंवा नंदानगर भागात, चहाच्या दुकानापाशी सकाळी चौकशी करावी.

बोलण्याच्या सुरुवातीलाच एक वाक्य स्पष्ट म्हणावे : आपण पैशाच्या दाव्यासाठी आलेलो नाही. वर्षानुवर्षे वकील, दलाल आणि वारसांची भांडणे पाहिलेल्या या लोकांना हातात कागद घेऊन आलेला अनोळखी माणूस म्हणजे नवा तंटा वाटतो, आणि तसे वाटण्यात त्यांची काहीच चूक नाही. वडीलधाऱ्यांना 'काका' किंवा 'दादा' म्हणावे, मराठी घर असेल तर मराठीत, नाहीतर साध्या हिंदीत बोलावे.

"मिलमधील आठवणी सांगा" या प्रश्नाला उत्तर येत नाही; त्याऐवजी "रिंग खात्यातून पाणी प्यायला कुठे जायचात?", "हजेरी कोणत्या खिडकीवर होई?", "जॉबर (मुकादम) कुठे बसत असे?" असे जागेशी बांधलेले प्रश्न विचारावेत. मग सांगणारा आपोआप हातांनी नकाशा काढू लागतो. त्याच वेळी वही पुढे करावी आणि तो नकाशा त्याच्याकडूनच कागदावर काढून घ्यावा.

## टप्पा ७ : ताबा कोणाचा ते पाहून परवानगी घ्या

फाटकावरचा पहारेकरी परवानगी देऊ शकत नाही. तो फार तर डोळेझाक करू शकतो, आणि त्याची नोकरी धोक्यात घालून केलेली भेट घेऊ नये. बंद मिलच्या जमिनीचा ताबा काळानुसार बदलतो : आधी कंपनी, मग परिसमापक किंवा एनटीसी, त्यानंतर सरकारी मंडळ, महापालिका वा खरेदीदार. हुकुमचंद मिलची सुमारे साडेबेचाळीस एकर जमीन थकबाकीच्या निकालानंतर राज्याच्या गृहनिर्माण मंडळाच्या प्रकल्पाखाली आली आहे. महाराष्ट्रात जसा सातबारा, तसा मध्य प्रदेशात खसरा. तो राज्याच्या भूलेख पोर्टलवर पाहून आजचा धारक कोण ते ठरवावे आणि त्यालाच पत्र लिहावे.

पत्र एका पानाचे असावे. कोण येणार, किती जण, कोणत्या दिवशी, किती वेळ, आणि स्वतःच्या जबाबदारीवर येत आहोत, एवढे त्यात असावे. छायाचित्रे काढणार असल्यास तसे लिहावे. उत्तर न आल्यास पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष जाऊन पोच घेतलेली प्रत दाखवावी. नकार आला, तर बाहेरून पाहावे. पडक्या भिंतीच्या फटीतून आत शिरणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय कंपाउंडच्या आत मदतीला कोणीही नसते.

## टप्पा ८ : दिवस आणि सामान

ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ योग्य. पावसाळ्यात भिंती ओल्या होऊन ढासळतात आणि गवताखालचे खड्डे दिसत नाहीत. जाड तळव्याचे बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, काठी, विजेरी, पाणी, चांगल्या प्रतीचा मास्क आणि जुन्या कामगाराने काढलेला नकाशा बरोबर ठेवावा. लहान मुलांना नेऊ नये. आजीला नेण्याचा आग्रह घरात होईलच. तिच्यासाठी फाटकाबाहेर सावलीत खुर्ची ठेवण्याची सोय करावी.

## टप्पा ९ : आत गेल्यावर

यंत्रे दिसतील अशी आशा धरू नये. बंद मिलमधील यंत्रे बहुधा लिलावात गेलेली असतात. जे पाहायचे ते इमारतींच्या क्रमात आहे.

आधी चिमणी शोधावी. तिच्या पायथ्याशी बॉयलर असतो, आणि सायझिंग खात्याला खळ शिजवण्यासाठी व ताणा वाळवण्यासाठी वाफ लागत असल्यामुळे ते त्याच्यापासून फार दूर नसते. नंतर छप्पर पाहावे. करवतीच्या दातांसारखे छप्पर असलेली बैठी, विस्तीर्ण इमारत बहुधा साचा खात्याची असते, कारण मागांचे हादरे जमिनीवरच सोसवतात. त्या छपराची काचेची बाजू उत्तरेकडे असते, म्हणजे आत थेट ऊन न येता सारखा उजेड मिळतो. दिशा चुकल्यास तीच होकायंत्राचे काम करते. सूतकताई मजल्यांच्या इमारतीत होऊ शकते. ब्लो रूम आगीच्या भीतीने काहीशी अलग असते. रंग खाते पाण्याच्या हौदाजवळ आणि नाल्याच्या बाजूला.

या खुणा लक्षात घेऊन कापसाच्या क्रमानेच चालावे : गोदाम, ब्लो रूम, कार्डिंग, ड्रॉइंग व स्पीड फ्रेम (पेळू ओढून बारीक करणे), रिंग, वाइंडिंग (सूत गुंडाळणे), वार्पिंग (ताणा तयार करणे), सायझिंग, साचा, फोल्डिंग (कापडाच्या घड्या घालणे). आजोबांच्या खात्यापाशी पोचल्यावर जमीन पाहावी. यंत्रे जिथे बोल्टने बसवलेली होती तिथले चौथरे आणि भोके टिकून असतात. दोन ओळींमधली गल्ली किती अरुंद होती ते पावलांनी मोजावे. कामगार आठ तास त्या गल्लीत ये-जा करीत असत.

सावधान : जिने आणि माळे चढू नयेत. जमिनीतील तारांचे व हवेचे चर झाकणाविना असतात, म्हणून पुढे काठी टेकत चालावे. बॉयलर आणि वाफेच्या नळांभोवतालचे पांढरट, तंतुमय वेष्टन अॅस्बेस्टॉसचे असू शकते. त्याला हात लावू नये, ते उकरू नये. आठवण म्हणून वीट, बॉबिन किंवा लोखंडाचा तुकडा उचलू नये. तो कोणाच्या तरी मालकीचा असतो आणि फाटकावर झडती होऊ शकते.

एक तास पुरेसा आहे. छायाचित्र काढताना प्रत्येक खात्याचे एक दुरून आणि एक जवळून काढावे, आणि प्रत्येक वेळी नकाशावर आकडा घालावा. नाहीतर घरी गेल्यावर सर्व भिंती सारख्याच दिसतात.

## टप्पा १० : त्याच संध्याकाळी

आकडे घातलेला नकाशा आणि छायाचित्रे घेऊन ज्या कामगाराने तो नकाशा काढून दिला त्याच्याकडे परत जावे. "हे रिंग नाही, हे वाइंडिंग" अशी एखादी दुरुस्ती तो हटकून करतो. ती लाल शाईने लिहून घ्यावी, तारीख घालावी, आणि छायाचित्रांचा एक छापील संच निघण्यापूर्वी त्याला देऊन यावा.